मोटारीतील टेलिमॅटिक्स : सेवा, वर्गणी आणि विश्वास

पूर्वी मोटार विकत घेतली की कारखानदाराशी आपला संबंध बहुधा दुरुस्तीपुरताच उरत असे. आता तसे राहिलेले नाही. आजच्या कित्येक मोटारींत सिमकार्ड बसवलेलेच येते, आणि गाडी आपल्या दारात उभी राहिल्यावरही तिचे कारखान्याशी बोलणे चालूच असते. या व्यवस्थेस टेलिमॅटिक्स असे नाव आहे. आपल्या सभासदांच्या घरीही अशा गाड्या येऊ लागल्या आहेत; यास्तव या व्यापाराचे पुढे काय होईल, याचा थोडा विचार आपण करू.

या व्यवस्थेची मुख्य अंगे तीन. उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचा ठावठिकाणा काढणारे जीपीएस यंत्र. वेग, ब्रेक व इंजिन यांची माहिती टिपणारी उपकरणे. आणि ही माहिती मोबाइलच्या जाळ्यातून दूर पोचविणारा मोडेम. चोरीस गेलेल्या गाडीचा माग, बिघाडाची पूर्वसूचना, अपघातसमयी मदत या सेवा त्यांच्याच आधारे मिळतात.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ साली ऑनस्टार ही सेवा आणली. युरोपीय संघाने तर ३१ मार्च २०१८ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना ई-कॉल यंत्रणा सक्तीची केली. जबर धडक बसताच गाडी आपण होऊन ११२ क्रमांकास हाक देते व आपले ठिकाण कळविते. जखमी माणसाला बोलता येवो अथवा न येवो. आपल्याकडेही बस, टॅक्सी यांसारख्या नव्या सार्वजनिक वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळची कळ बसविण्याचा नियम २०१९ पासून लागू झाला.

प्राणरक्षणाची सेवा कायद्यामुळे पसरेल, यात शंका नाही. खरा प्रश्न बाकीच्या सेवांचा आहे. त्यांचे पैसे कोण देणार?

पहिला मार्ग वर्गणीचा. आरंभी सेवा फुकट द्यावी, मुदत संपली की पैसे मागावेत, ही रीत आता रूढ झाली आहे. पण तिलाही मर्यादा आहे. आसन गरम करण्याच्या सोयीसाठी बीएमडब्ल्यूने काही देशांत वर्गणी लावली; लोक रुष्ट झाले आणि २०२३ मध्ये कंपनीने ती योजना सोडली. गाडीत बसविलेल्या वस्तूचे पैसे पुन्हा देण्यास माणूस राजी नसतो. दुसरा मार्ग विम्याचा. गाडी किती व कशी चालविली जाते, त्यावर हप्ता ठरविणाऱ्या पुरवण्यांस भारतीय विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये मुभा दिली. कमी फिरणाऱ्या कुटुंबास याचा लाभ होऊ शकेल.

तिसरा मार्ग मात्र सावध करणारा आहे. तो म्हणजे माहितीची विक्री. चालकांची पुरेशी संमती न घेता त्यांचा ठावठिकाणा व चालविण्याच्या सवयी गोळा करून विकल्या, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्स व ऑनस्टार यांच्यावर ठेवला. शिवाय गाडी पंधरा वर्षे टिकते, मोबाइलचे जाळे टिकतेच असे नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्री-जी बंद झाले, तेव्हा कित्येक धडधाकट गाड्यांच्या या सेवा मुक्या झाल्या.

म्हणून गाडी घेताना आपण चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. फुकट मुदत किती? पुढे वर्गणी किती? माहिती कोणाकोणास दिली जाते? आणि गाडी विकताना ती पुसता येते काय? मुलगा वा सून रात्री एकटी घाटातून येत असता ही सेवा मोठा आधार ठरेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु संस्थेच्या वर्गणीचा हिशेब आपण जसा दरवर्षी सभेपुढे मागतो, तसाच तो येथेही मागितला पाहिजे. जो विक्रेता असा हिशेब उघडा ठेवील, त्याच्याच पदरी उद्याची बाजारपेठ पडावी, अशी आमची इच्छा आहे.