पीठ किती पाणी पितं?

भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत फोन वाजतो. पलीकडे ठाण्याची सून असते, पुण्याची भाची असते, नाहीतर थेट परदेशातली लेक. नैवेद्याची वेळ जवळ आलेली, गॅसवर पाणी चढवलेलं, आणि प्रश्न एकच. "एक वाटी पिठीला पाणी किती घेऊ?" इकडे सारण ढवळता ढवळता उत्तर जातं, "वाटीला वाटी. पण पिठी कुठली आहे? नव्या तांदळाची असली तर हात आखडता घे गो बाय. पीठ किती पाणी पितंय ते आधी बघ."

उकडीच्या मोदकांची सगळी पाककृती या दोन वाक्यांत आहे. पुस्तकात पहिलं वाक्य छापलेलं असतं. दुसरं मात्र माणसानं माणसाला सांगावं लागतं.

त्या दुसऱ्या वाक्यामागे शास्त्र आहे. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनमुळे चिवटपणा येतो, म्हणून पोळी ताणली तरी फाटत नाही. तांदळात ग्लुटेन नसतं. तांदळाची पिठी गार पाण्यात भिजवली तर तिची पारी वळत नाही, बोटाखाली भुगा होतो. तीच पिठी उकळत्या पाण्यात घालून वाफ दिली की तिच्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे घडतं. उकड गरम असतानाच मळायची ती याचसाठी. गार झाली की ती घट्ट होते आणि मोदकाच्या कळ्यांना चिरा जातात. जुना तांदूळ जास्त पाणी ओढतो, नवा कमी ओढतो आणि चिकट होतो. कोकणातल्या घरांत मोदकांसाठी आंबेमोहोरासारखा चिकटपणा असलेला तांदूळ निवडून धुतात, सावलीत वाळवतात आणि मग दळतात. दूरदेशीच्या दुकानातलं तांदळाचं पीठ कुठल्या तांदळाचं आणि किती जुनं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. तिथे वाटीचं माप चुकतं आणि मुलीला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही.

उकड उरली तर ती वाया जात नाही. तीत वाटलेली हिरवी मिरची, जिरं आणि मीठ मळून छोट्या चपट्या निवगऱ्या थापतात, वाफवतात आणि वर कच्चं तेल घालून खातात. निवगऱ्यांची कृती सहसा कुणी विचारत नाही. ती मोदकांच्या मागून आपोआप येते, आणि घरातल्या मुलांना कित्येकदा मोदकांपेक्षा त्याच जास्त आवडतात.

मराठीत पाककृती छापायला लागून दीडशे वर्षं झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहिलं. पाठारे प्रभूंच्या मुंबईतल्या स्वयंपाकघराचा केवढा ऐवज त्यात आहे, ते त्याच्या नावातच कळतं. १९४३ साली सारस्वत महिला समाजातर्फे अंबाबाई संशी यांचं 'रसचंद्रिका' आलं. एका समाजाच्या बायकांना आपल्या घरातलं रांधणं पुढच्या पिढीच्या हाती लेखी द्यावंसं वाटलं, ही त्यातली मोठी गोष्ट. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' निघालं. वाटी आणि चमचा या मापांत ते बोलत होतं. नोकरीसाठी नवऱ्याबरोबर दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या, शेजारी ना सासू ना आई अशा मुलींना त्याचा केवढा आधार झाला, हे त्या पिढीच्या कुठल्याही बाईला विचारावं. लग्नात आहेर म्हणून मिळालेली, हळदीचे डाग पडलेली, पाठबांधणी सुटलेली 'रुचिरा'ची प्रत अजून कितीतरी घरांत फळीवर आहे.

तरीही रत्नागिरीचा स्वयंपाक पुस्तकात पुरता मावत नाही, कारण तो झाडांना आणि दिवसांना बांधलेला आहे.

पातोळ्यांचंच बघावं. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठीचा पातळ थर द्यायचा, मधे ओलं खोबरं आणि गुळाचं चून भरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. कृती एवढीच. पण हळदीचं पान पावसाळ्यात असतं, म्हणून पातोळ्या श्रावण-भाद्रपदातल्या. नागपंचमीला त्या का, याचं उत्तर सणाच्या नेमात आहे. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. मग उरतं ते वाफवणं. शिजताना पानाचा वास पिठीत उतरतो आणि तो वास हाच त्या पदार्थाचा अर्धा जीव. केळीच्या पानात पातोळ्या करता येतात, पोटही भरतं, पण ज्यानं हळदीच्या पानातली खाल्ली आहे त्याला ती वेगळी लागते. पाककृती देणाऱ्यानं हे सांगायलाच हवं, नाहीतर घेणारा पानाला नुसतं वेष्टण समजतो.

फणसाचंही तसंच. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी वेगळी आणि पिकल्यावर कापा वेगळा, बरका वेगळा. काप्याचे गरे कोरडे, खुसखुशीत, हातात घेऊन खायचे. बरका मऊ, रसाळ, घशात घसरणारा. सांदणं होतात ती बरक्याची. गरे चाळणीवर घासून रस काढतात, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, चवीपुरतं मीठ आणि नारळाचं दूध घालून मिश्रण मुरू देतात आणि वाट्यांमध्ये वाफवतात. सोबत तूप नाहीतर नारळाचं दूध. फणस किती गोड निघाला यावर गूळ ठरतो, म्हणून सांदणाच्या कृतीत गुळाचं माप लिहिणाऱ्यानं "आधी रस चाखा" एवढं तरी जोडून लिहावं. याच जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरांतही सांदण होतं. तिथे ते तांदूळ आणि नारळाचं, पांढरंशुभ्र आणि आंबवून फुगवलेलं असतं. नाव एक, वाफ एक, पदार्थ दोन. एकाच बाजाराला जाणाऱ्या बायकांनी कधी कुणाला काय विचारलं असेल, याची नोंद कुठे नाही, पण शब्द दोन्ही घरांत नांदतो आहे.

कोणाच्या घरची चव कोणापर्यंत पोचायची, हे मात्र फार काळ जातीनं ठरवलेलं होतं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातची कृती कोण मागणार? या बाबतीत रत्नागिरी शहराचा इतिहास आठवावा असा आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. त्या वर्षांत शहरात सहभोजनं झाली, वेगवेगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसली. त्या पंगतींना विरोध झाला आणि त्यांचा गाजावाजाही झाला. पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी आधी माणसाला दुसऱ्याच्या पंगतीला बसता यावं लागतं, आणि हे सोपं नव्हतं.

दुसरी वाट मुंबईची. गिरण्यांच्या काळात रत्नागिरीतून हजारो माणसं गिरणगावात गेली. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. एका खोलीत दाटीवाटीनं राहणारे हे चाकरमानी जेवायला खानावळवाल्या बायकांकडे जात. त्या बायका चाळीतल्या आपल्याच खोलीत चुलीवर रांधत आणि डबे भरत. कोकणातली माशाची आमटी आणि घाटावरची भाकरी तिथे एका ताटात आली. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. घरच्या चवीवर संसार चालवणाऱ्या बायकांची ती संघटना होती. त्यांनी पाककृती लिहून ठेवल्या नाहीत, रोज रांधून वाढल्या.

गावाहून मुंबईला जाणाऱ्या बोचक्यात तेव्हाही तांदूळ, सुकट, कुळथाचं पीठ आणि आमसुलं असत. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यावर बोचकी डब्यात चढली, एवढाच फरक.

आमसूल म्हणजे रातांब्याची साल. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. फोडून बिया वेगळ्या करतात, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. या बुडवण्या-वाळवण्यानं सालीचा रंग काळसर जांभळा होतो आणि आंबटपणा मुरतो. एकदाच वाळवलेलं आमसूल फिकं पडतं. मिठातला रस तो आगळ, आणि सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा पाक. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सोलकढी करताना मात्र एक गोष्ट कुणीतरी सांगावीच लागते. आमसुलाचा आंबट कोळ आणि नारळाचं दूध एकत्र झाल्यावर खळाखळा उकळू द्यायचं नाही. आंबट आणि आच दोन्ही मिळाले की दूध फुटतं.

आणि पोटभरीचं रात्रीचं जेवण म्हणाल, तर पावसाच्या रात्री कुळथाच्या पिठी-भाताला तोड नाही. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर कुळीथ येतो, त्यामुळे कोकणात तो घरोघरी. कुळीथ भाजतात, भरडतात, फोल पाखडतात आणि दळतात. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि मिरची यांची फोडणी करून पाणी घालायचं, आमसुलं आणि मीठ टाकायचं. पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात धार धरायची आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळीवरचं पीठ शिजून कवच बनतं आणि आतलं कोरडंच राहतं. घरातली म्हातारी माणसं "गुठळी होऊ देऊ नको" म्हणतात. त्यामागचं हे कारण कळलं की शिकणाऱ्याचा हात आपोआप बरोबर फिरतो. मऊ भात, वर पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा किंवा पोह्याचा पापड. आणखी काही लागत नाही.

बांगड्याच्या आमटीत तिरफळं पडतात तेव्हा नवख्याची हटकून चूक होते. तिरफळाची काळी बी काढून टाकायची आणि साल किंचित ठेचून शेवटाकडे घालायची. मसाल्याबरोबर बारीक वाटली तर आमटी कडू होते. रत्नागिरीबाहेर वाढलेल्या किती सुनांनी पहिल्या खेपेला ही कडू आमटी केली असेल! चूक त्यांची नसते, सांगणाऱ्याकडून एवढं वाक्य राहून गेलेलं असतं.

रत्नागिरीच्या घरात भट्टी नव्हती, तरी भाजलेलं गोड होतंच. भाद्रपदात पिकलेलं थोराड तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, त्याचं सुटलेलं पाणी जपून ठेवायचं. तांदळाचा रवा तुपावर भाजून त्या पाण्यात गूळ, खोबरं आणि कीस यांच्यासह शिजवायचा. मग जाड बुडाच्या भांड्यात थापून खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे. याला म्हणतात धोंडस. बाहेरचं पाणी घालायचं नाही, काकडीचंच वापरायचं, चव तिथे आहे. निखाऱ्यांची जागा आता ओव्हननं घेतली तरी धोंडसाची कड तशीच खरपूस होते. नानखटाईला मात्र बेकरी लागायची. दिवाळीआधी किंवा मेच्या सुट्टीत घरून मैदा, साखर, तूप घेऊन बाया-मुलं बेकरीत जात आणि गरम पत्र्याचे डबे भरून घरी येत. प्रत्येक घरचं तूप वेगळं, म्हणून एकाच भट्टीतून निघालेल्या नानखटाईची चव घरागणिक निराळी.

दिवाळीत मात्र कोकणात खरी देवाणघेवाण होते ती नरक चतुर्दशीच्या पहाटे, चावदिवसाला. अभ्यंगस्नान झालं की तुळशीपुढे कडू कारेटं पायाच्या अंगठ्यानं फोडायचं आणि मग नव्या भाताचे पोहे खायचे. दूधपोहे, गूळपोहे, ताकातले पोहे, दडपे पोहे. दडप्यांना पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, वर फोडणी. पाणी घालायचं नाही, खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलीनंच ते दडपून मऊ करायचे. वाडीतली मुलं एका घरी खाऊन दुसऱ्या घरी जातात, तिथून तिसऱ्या. तिसऱ्या घरी कोळाचे पोहे असतात, नारळाच्या दुधात चिंच आणि गुळाचा कोळ घालून केलेले. कुणीतरी विचारतं, "काकू, यात चिंचच घातलीय ना?" आणि काकू पळीनं आणखी वाढत म्हणतात, "चिंच रे, पण आदल्या रात्री भिजवलेली. उद्या आईला घेऊन ये, दाखवते तिला."