वारणेच्या पोटातला ताण

वारणानगर परिसरात भांडी खडखडली की लोक कोयनेचे नाव घेतात. पण १९९३ पासून धक्क्याचे केंद्र अनेकदा कोयनेच्या दक्षिणेला, वारणा जलाशयाच्या बाजूला निघते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाजवळ कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. चांदोलीजवळ वारणेच्या धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३-९४ मध्ये तिथेही ५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. मग पाण्याच्या ओझ्यानेच खडक फुटतो का?

तसे नाही. मोडण्याचा जोर खडकात आधीपासूनच साठलेला आहे. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तर-ईशान्येला सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो रेटा सगळ्या द्वीपकल्पाला बसतो. अशा दाबाखाली खडक उसासारखा वागतो. थोडा वाकवून सोडला तर पुन्हा सरळ होतो, हद्द ओलांडली की कट्कन मोडतो. फार खोलवर, उष्णतेत, तोच खडक न मोडता हळूहळू वाहतो. कोयना-वारणेचे बहुतेक भूकंप मात्र दहा किलोमीटरच्या आतले, म्हणजे खडक कडक असतो त्या थरातले.

हा थर आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाचा नाही. कोयना भागात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. या जुन्या खडकात भ्रंश, म्हणजे खडक सरकू शकतो अशा भेगा, आहेत. भ्रंशाच्या दोन्ही बाजू वरच्या भाराने एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते.

पाणी या पकडीवरच घाला घालते. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना अलग ढकलतो. ताण तेवढाच राहतो, पकड मात्र सैल होते आणि खडक सरकतो. हा दाब खोलवर पोचायला वेळ लागतो. कोयनेत पाणी साठल्यावर मोठा भूकंप पाचेक वर्षांनी, तर वारणेत जोराचे धक्के आठेक वर्षांनी आले, ते याला धरूनच.

लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, हा समज मात्र दिलासा देण्याइतका खरा नाही. तीव्रतेची एक पायरी म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा. १९६७ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा मोकळी व्हायला ४.३ तीव्रतेचे हजारभर धक्के लागतील. त्यामुळे या खोऱ्यात खरा भरवसा धक्क्यांच्या संख्येवर नव्हे, भूकंपरोधक बांधकामावरच ठेवावा लागतो.