श्रेढीव्यवहार

श्रेढीव्यवहार : ठराविक नियमाने पुढे जाणाऱ्या संख्यांच्या क्रमास श्रेढी म्हणतात. श्रेढीतील पदे व त्यांची बेरीज काढण्याच्या गणितास जुन्या ग्रंथांत श्रेढीव्यवहार असे नाव असून भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) लीलावती (११५०) या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने खानदेशात मठ स्थापिला होता. चंगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये प्रसिद्धीस आणला.

पदसंख्येत १ मिळवून येणाऱ्या संख्येस पदसंख्येच्या निम्म्याने गुणले, की १ पासूनच्या क्रमवार संख्यांची बेरीज, म्हणजे ‘संकलित’, मिळते. उदा., १ ते ९ या संख्यांचे संकलित १० × ४½ = ४५ होते. याच संख्यांच्या घनांची बेरीज संकलिताच्या वर्गाइतकी असते. उदा., १ + ८ + २७ = ३६ = (१ + २ + ३)². विशिष्ट संख्येऐवजी ‘न’ हे अक्षर घेतल्यास पहिला नियम न(न + १)/२ असा एका ओळीत मांडता येतो. अंकगणितातून बीजगणितात प्रवेश होतो तो येथे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणत व ती ‘या’ या अक्षराने दर्शवीत.

काही उदाहरणांत नियम जुळला म्हणून तो सर्वत्र खरा ठरत नाही. न² + न + ४१ या राशीत न = ० ते ३९ घेतल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्या येते; परंतु न = ४० घेताच १६८१ म्हणजे ४१ × ४१ ही विभाज्य संख्या येते. म्हणून नियमास उपपत्ती आवश्यक असते. लीलावतीत नियम सूत्ररूपाने येतात; गणेश दैवज्ञांनी बुद्धिविलासिनी (१५४५) या टीकेत त्यांच्या उपपत्ती दिल्या.

संकलिताची उपपत्ती सोपी आहे. श्रेढीखाली तीच श्रेढी उलट क्रमाने लिहिल्यास प्रत्येक उभ्या जोडीची बेरीज न + १ येते व अशा न जोड्या होतात. ही बेरीज दुप्पट असल्याने तिचे निम्मे करावे. ही रीत समजलेल्या विद्यार्थ्यास सूत्र विसरले, तरी ते पुन्हा मिळविता येते. समान अंतराने वाढणाऱ्या कोणत्याही श्रेढीस ती लागू पडते. तेथे न + १ ऐवजी पहिल्या व शेवटच्या पदांची बेरीज घ्यावी लागते.