निवासी संरक्षक भिंती : ढासळण्याची कारणे व दुरुस्तीच्या पद्धती (जालना जिल्ह्यातील काळ्या मातीच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : संरक्षक भिंत, मातीचा दाब, भराव, काळी माती, निचरा, पुनर्बांधणी.

प्रस्तावना :

घर बांधताना मनुष्य छताचा, दाराखिडक्यांचा आणि रंगाचा पुष्कळ विचार करतो. परंतु घराखालची माती ज्या भिंतीने धरून ठेवलेली असते, त्या भिंतीचा विचार तो सहसा करीत नाही. उतारावरील भूखंड सपाट करताना भरलेली किंवा कापलेली माती जागच्या जागी राहावी म्हणून जी भिंत बांधली जाते, तिला शासकीय कागदपत्रांत 'संरक्षक भिंत' आणि बांधकामाच्या बोलीत 'रिटेनिंग वॉल' असे म्हणतात. आवारभिंत आणि संरक्षक भिंत या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. मात्र आवारभिंतीला केवळ वारा सोसावा लागतो, तर संरक्षक भिंतीला मातीचा आणि पाण्याचा भार अहोरात्र पेलावा लागतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे किती मोठी किंमत मोजावी लागते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २९ जून २०१९ रोजी पहाटेपूर्वी पुण्यातील कोंढवा भागात निवासी संकुलाची भिंत लगतच्या बांधकामस्थळावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलै रोजी, मुंबईतील मालाड येथे जलाशयाच्या आवाराची भिंत पडून ३० हून अधिक व्यक्तींचा बळी गेला. या दुर्घटनांत भिंतीच्या वरच्या बाजूस राहणारे नव्हे, तर पायथ्याशी राहणारे लोक दगावले, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

जालना जिल्हा डोंगराळ नाही. म्हणून हा प्रश्न आपला नाही, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. शहरे वाढताना नाल्यांच्या काठांवर आणि उतारांवर वसाहती उभ्या राहतात, भूखंड रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी पाच ते दहा फूट भराव टाकला जातो आणि तो धरण्यासाठी घाईने भिंत उभारली जाते.

उद्दिष्टे :

१. संरक्षक भिंतीवर कार्य करणाऱ्या बलांचे स्वरूप सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. जालना जिल्ह्यातील मृदा व पर्जन्यमान यांच्या संदर्भात भिंती ढासळण्याच्या कारणांचा शोध घेणे.
३. दुरुस्तीच्या व पुनर्बांधणीच्या पद्धतींचे विवेचन करणे.

भिंतीवर येणारा भार :

मातीचा ढीग मोकळा सोडल्यास तो विशिष्ट कोनात पसरून स्थिर होतो. त्याला उभा धरून ठेवायचे म्हटले की तो भिंतीला बाहेर ढकलू लागतो. या ढकलण्याचे गणित फ्रेंच अभियंता कूलोम याने १७७६ मध्ये आणि पुढे स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८५७ मध्ये मांडले. आजही अभिकल्पाचा पाया तोच आहे. त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष असा की, भिंतीवरील एकूण जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात, तर भिंत उलटविणारा परिणाम उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मीटरची भिंत ४ मीटर केली, तर उंची एकतृतीयांशाने वाढते. पण उलटविणारा परिणाम सुमारे २.४ पट होतो. 'अजून दोन-तीन थर चढवा' ही सूचना म्हणूनच निरुपद्रवी नसते.

उदाहरणादाखल ३ मीटर उंचीची भिंत घेऊ. तिच्यामागे मुरमासारखा कोरडा भराव असल्यास भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २.७ टन जोर येतो आणि उलटविणारा परिणाम सुमारे २.७ टन-मीटर होतो. भिंत दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर जाडीच्या दगडी बांधकामाची असेल, तर तिच्या वजनामुळे होणारा प्रतिकार जेमतेम ०.७ टन-मीटर भरतो. म्हणजे गणिताप्रमाणे ती उभीच राहू नये. तरीही अशा भिंती उभ्या दिसतात, कारण कोरडी चिकण माती स्वतःच्या चिकटपणामुळे काही काळ उभी राहते आणि भिंतीवर भार येतच नाही. ती भिंत माती धरीत नसते, मातीच तिला वाचवीत असते. पहिला मोठा पाऊस झाला की हा चिकटपणा संपतो आणि भिंतीची खरी परीक्षा सुरू होते.

याच भरावात वरपर्यंत पाणी साचल्यास जोर २.७ टनांवरून जवळजवळ ६ टनांवर जातो, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. त्यातील सुमारे ४.४ टन वाटा एकट्या पाण्याचा असतो. पायथ्याशी दीड मीटर जाडीची भक्कम भिंतही कोरड्या भरावासमोर जवळजवळ तिप्पट सुरक्षित असते. परंतु पाणी तुंबताच ही सुरक्षितता सव्वापटीच्या आसपास येते. संरक्षक भिंती मातीने पडत नाहीत, तर पाण्याने पडतात, असे अनुभवी अभियंते म्हणतात ते यामुळेच.

जालना जिल्ह्याची परिस्थिती :

जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यावर काळ्या मातीचा थर आहे. हा थर गोदावरी व दुधना यांच्या खोऱ्यांत खोल, तर भोकरदन-जाफराबादकडील चढावर उथळ आढळतो. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. तीच प्रक्रिया भिंतीमागेही घडते. मे महिन्यात माती आकसून भिंतीपासून सुटते, भेगेत वरची सुटी माती व कचरा पडतो, आणि पावसाळ्यात माती फुगू लागली की तिला जुनी जागा शिल्लक नसते. ती भिंतीला थोडे पुढे सारते. पुढील उन्हाळ्यात पुन्हा भेग पडते, पुन्हा भरते. अशा रीतीने दरवर्षी थोडी थोडी पुढे झुकत भिंत एके वर्षी तोल सोडते. लोक त्या वर्षीच्या पावसाला दोष देतात. वास्तविक तो केवळ शेवटचा धक्का असतो.

जिल्ह्याचे पर्जन्यमान बेताचे आहे, हेही फसवे ठरते. २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळासारख्या कालखंडात माती खोलवर सुकते. उलट सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातील अतिवृष्टीसारख्या प्रसंगी थोड्या दिवसांत पुष्कळ पाणी मुरते. कोरडेपणा आणि ओलावा यांतील हे टोकाचे अंतर भिंतीला सर्वाधिक घातक असते.

ढासळण्याची प्रमुख कारणे :

१. निचऱ्याचा अभाव : भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली नसतात, किंवा ठेवलेली छिद्रे मागे खडीचा थर नसल्याने मातीने बुजतात. अनेकदा खालच्या अंगणात गढूळ पाणी येते म्हणून शेजारीच ती सिमेंटने बंद करतो.

२. अयोग्य भराव : पायासाठी खणलेली काळी माती वाहून नेण्याचा खर्च नको म्हणून तीच भिंतीमागे लोटली जाते. तीही थराथराने न दाबता एकदम टाकली जाते.

३. उथळ पाया : पाया मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबविला जातो. माती ओली झाली की पायाचा पुढील भाग खचतो व भिंत पुढे कलते.

४. लोखंडाची चुकीची जागा : काँक्रीटच्या भिंतीत मातीकडील बाजूस ताण येतो, म्हणून उभ्या भिंतीचे मुख्य लोखंड मातीकडील बाजूस हवे. प्रत्यक्षात ते मध्यभागी किंवा दर्शनी बाजूस बांधल्याचे आढळते. ज्या जालना शहरात बांधकामाच्या सळ्या तयार करणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, तेथे सळईचा तुटवडा हे कारण असू शकत नाही. उणीव ज्ञानाची आहे.

५. नंतर वाढलेला भार : भिंतीलगत पाण्याची टाकी, शोषखड्डा, वाहनतळ किंवा नवी खोली उभारणे.

६. पायथ्याशी खोदकाम : खालच्या भूखंडावर पाया खणताना भिंतीचा आधार काढून घेणे.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखक राहतो त्या वसाहतीतील एका गल्लीच्या शेवटी सुमारे नऊ फूट उंचीची अशी भिंत होती आणि तिच्या खाली दोन पत्र्याची घरे. भिंतीने मधोमध पोट काढले होते. भेगा दिसताच वरच्या घरमालकांनी गिलावा करून घेतला आणि आम्ही सर्वांनी भिंत दुरुस्त झाली असे मानले. सप्टेंबरमधील एका संध्याकाळी खालच्या घरातील वृद्ध आजींनी भिंतीच्या बुडातून गढूळ पाणी झिरपताना पाहिले आणि त्या रात्री मुलानातवंडांना मागच्या खोलीत झोपू दिले नाही. पहाटे भिंत त्याच खोलीवर आली. जीवितहानी झाली नाही, ती आजींच्या निरीक्षणामुळे. आम्हा सुशिक्षितांपैकी कोणीही ते पाणी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी त्याचा अर्थ लावला असता की नाही, याची शंका वाटते. प्रस्तुत लेखनामागील प्रेरणा तीच होय.

पूर्वलक्षणे व तातडीचे उपाय :

ओळंबा लावल्यास भिंत बाहेर गेलेली दिसणे, मध्यभागी फुगवटा येणे, वरच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडणे, पायथ्याची जमीन उचलली जाणे, आणि छिद्रांतून पाणी अचानक थांबणे किंवा गढूळ येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकल्यास हालचाल चालू आहे असे समजावे.

अशा वेळी सर्वप्रथम पायथ्याची घरे रिकामी करावीत. वरचा भार हलवावा, टाकी रिकामी करावी, वरील भेगा ताडपत्रीने झाकून पावसाचे पाणी दुसरीकडे वळवावे. भिंतीपुढे सुरक्षितपणे जाता येत असेल तरच पायथ्याशी वाळूच्या गोण्यांचा उतरता भराव रचावा. पायथ्याशी कोणत्याही परिस्थितीत खोदू नये.

कायमस्वरूपी दुरुस्ती :

भिंत ओळंब्यात असून केवळ निचरा बिघडला असेल, तर सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची छिद्रे साधारण दीड मीटर अंतरावर, एकाआड एक ओळीत पाडून त्यांत जाळीदार नळ्या बसवाव्यात. वरच्या बाजूस पक्की गटार काढावी. नुसती छिद्रे पाडल्यास त्यांतून मातीच वाहून जाते. म्हणून गाळणी आवश्यक असते.

भिंत किंचित कललेली पण अखंड असेल, तर पुढील बाजूस ठरावीक अंतरावर टेकूभिंती बांधणे, किंवा भिंतीतून मागील घट्ट मुरमात अथवा खडकात सळ्या रोवून त्या सिमेंटने जखडणे हे पर्याय असतात. पाया उथळ असल्यास तो एकेक मीटरच्या टप्प्यांत, एक भाग सोडून एक, खाली नेता येतो. सलग खोदल्यास दुरुस्तीच अपघाताचे कारण ठरते. ही सर्व कामे संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावीत.

फुगलेली किंवा तोल गेलेली भिंत मात्र वरून टप्प्याटप्प्याने उतरवून नव्याने बांधणेच श्रेयस्कर. पाया मुरमात किंवा खडकात न्यावा. दगडी भिंतीची पायथ्याची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. भिंतीमागे किमान एक फूट खडीचा थर व गाळणीचे कापड असावे. त्यामागे काळ्या मातीऐवजी मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी दाबून भरावा. आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीसाठी न फुगणाऱ्या संसंजक मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. कालव्यांच्या कामांत उपयोगी ठरलेले ते तत्त्व येथेही मार्गदर्शक आहे. मातीचा फुगण्याचा गुण भारतीय मानक २७२०, भाग ४० मधील साध्या चाचणीने कळतो. नाल्याकाठी जाळीत दगड भरून केलेली भिंत सोयीची ठरते. ती थोडी हालचाल सोसते आणि पाणी अडवीत नाही. त्यासाठी लागणारा काळा दगड जिल्ह्यात विपुल आहे.

जबाबदारीचा प्रश्न :

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत लगतच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. भर 'नैसर्गिक स्थिती' या शब्दांवर आहे. वर भराव टाकून भार वाढविणाऱ्याला हा नैसर्गिक हक्क आपोआप सांगता येत नाही. यावरून एक व्यवहार्य सूत्र निघते : जो भरतो त्याने धरावे, आणि जो खणतो त्याने आधार द्यावा. प्रत्यक्ष वादात विधिज्ञाचा सल्ला घ्यावा. पण भिंत बांधण्यापूर्वीच दोन्ही शेजाऱ्यांनी लेखी समजूत करून घेणे अधिक शहाणपणाचे.

निष्कर्ष :

१. संरक्षक भिंतीचे अपयश आकस्मिक नसते. ते अनेक वर्षे आधीच सुरू झालेले असते व दिसतही असते.
२. पाण्याचा निचरा हा भिंतीचा अविभाज्य भाग आहे. छिद्र बुजविणे म्हणजे भिंतीवरील भार दुप्पट करणे होय.
३. काळी माती भराव म्हणून वापरू नये आणि तिच्यात पाया थांबवू नये.
४. भेगेवर गिलावा ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे धोक्याची खूण तेवढी पुसली जाते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना या विषयात करण्याजोगे एक काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी मे महिन्यात आपल्या परिसरातील अशा भिंतींची ओळंबा, भेगा, छिद्रे आणि पायथ्याची वस्ती या चार मुद्द्यांवर नोंद करून ती स्थानिक स्वराज्य संस्थेकडे दिल्यास फारसा खर्च न येता जीव वाचू शकतील. त्याचा आरंभ आपल्याच महाविद्यालयाच्या आवारापासून करणे उचित ठरेल.