रीलमधला उन्हाळा आणि आपल्या काउंटरवरचा उन्हाळा

एप्रिल उजाडला की मोबाईलवर कोचेलाची लाट येते. क्रोशेचे टॉप, झालरी लावलेली जॅकेटं, गुडघ्यापर्यंतचे बूट, आरशांचं भरतकाम, आणि खाली लिहिलेलं 'समर ट्रेंड'. मग बॅचमधल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, "मॅडम, हा माल भरू का? आत्ता घेतला तर सीझन मिळेल ना?"

ट्रेंड खरा असतो, पण तो दुसऱ्याच गावच्या हवेसाठी तयार झालेला असतो. हे नीट समजून घेतलं नाही, तर मे महिन्याच्या शेवटी हँगरवर अडकलेले पैसे मोजत बसावं लागतं.

कोचेला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या इंडिओ इथे होतं. १९९९ मध्ये सुरू झालं, हल्ली एप्रिलमधल्या दोन वीकेंडला असतं. जागा वाळवंटी भागातली. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा आणि पायाखाली धूळ. म्हणजे बूट धुळीसाठी, जॅकेट रात्रीसाठी आणि तोंडावरचा रुमालही धुळीसाठीच. इंग्लंडमधलं ग्लास्टनबरी जूनअखेर, एका डेअरी फार्मवर. तिथे पाऊस झाला की चिखल, म्हणून रबरी गमबूट; २००५ मध्ये केट मॉस तसे बूट घालून दिसली आणि गमबूट फॅशन झाले. गरज आधी आली, स्टाइल मागून. आता अकोल्याचा नाहीतर जळगावचा एप्रिल डोळ्यांपुढे आणा. रात्री दहालाही भिंती गरम असतात. तिथे झालरीचं जॅकेट कोण घालणार?

कपड्याचंही तसंच. आरशांचं काम असलेल्या टॉपला आतून अस्तर लागतं, म्हणजे अंगावर दोन थर झाले. क्रोशे हवेशीर असतं खरं, पण जाड सुताचं असेल तर जड होतं आणि धुतल्यावर लोंबतं. झालरीचं 'लेदर' बहुतेक सिंथेटिक; घामाचं काय होतं ते सांगायला नको. फोटोत हे दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र ट्रायल रूममधून दोन मिनिटांत बाहेर येतं आणि म्हणतं, "छान आहे, पण नको."

(गंमत म्हणजे यातलं बरंच आपल्याकडूनच गेलंय. 'बंडाना' हा शब्द बांधणीच्या कुळातला. 'पेस्ली' म्हणजे आपली कोयरी. स्कॉटलंडच्या पेस्ली गावात तशा शाली विणायचे म्हणून ते नाव पडलं. आरशांचं काम कच्छचं आणि बंजारा बायकांचं. गोव्यात अंजुणाच्या बाजारात हिप्पी लोक हे कपडे हौसेने घ्यायचे. त्यामुळे 'बोहो'साठी इम्पोर्टेड माल शोधत फिरू नका.)

मग एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लोक गाण्या-बजावण्याच्या कार्यक्रमाला जातच नाहीत का? जातात की! फक्त त्याला कोणी फेस्टिव्हल म्हणत नाही. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. मिरवणुका, भीमगीतांचे कार्यक्रम, आणि घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना नवीन कपडे, त्यात पांढऱ्याला मोठी मागणी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, तिथे तमाशाचे फड आणि ऑर्केस्ट्रा. लग्नसराईत हळद आणि संगीत. हे तुमच्या गिऱ्हाइकाचे खरे म्युझिक फेस्टिव्हल आहेत. ते उन्हात होतात, आणि तिथे लोक नाचतातही.

यातला एकेक प्रसंग सुटा करून बघा. जयंतीसाठी पांढरा शर्ट, पांढरा कुर्ता, पांढरी साडी किंवा ड्रेस. पुरुषांच्या शर्टात शुद्ध लिनन महाग पडतं आणि पटकन चुरगळतं. छोट्या गावात कॉटन-लिनन मिक्स चांगलं चालतं. पांढऱ्या मलमलची कुर्ती घेताना होलसेलरसमोरच आत हात घालून बघा. बोटं स्पष्ट दिसली तर अस्तराशिवाय ती विकली जाणार नाही. हा माल मार्चच्या मध्यापर्यंत दुकानात हवा, कारण संपूर्ण घराची खरेदी लोक आठ-दहा दिवस आधी करतात. १० एप्रिलला गाडी आली तर तुम्ही फक्त उरलेल्यांसाठी दुकान उघडलंय असं समजा.

हळदीचं गणित वेगळं. पिवळा रंग, एकदाच घालायचा, डाग पडणार हे आधीच माहीत. तिथे कोणी तीन हजार घालत नाही. साधी कॉटनची पिवळी कुर्ती, पिवळे प्लेन कुर्ते, पाच-दहा जणींचा एकसारखा सेट, असा माल भरपूर साइझमध्ये ठेवा. गिऱ्हाईक एक नग घ्यायला येत नाही, पूर्ण ग्रुपचं घ्यायला येतं. एका वहिनीची एक्सएल नसली तर अख्खी ऑर्डर शेजारच्या दुकानात जाते.

आणि रीलमधला ट्रेंड? त्यातून उन्हाळ्यात दोनच गोष्टी उचला, रंग आणि कट. सैल को-ऑर्ड सेट, ढगळ शर्ट, रुंद पायाची पँट हे आपल्या उकाड्यालाही चालतं. कापड मात्र आपलं. सांगानेरी किंवा बगरू छापाचं कॉटन, मलमल, खादी. रेयॉन अंगाला गार लागतं आणि स्वस्तही पडतं, पण धुतल्यावर आटतं. म्हणून शंभर नग उचलण्याआधी एक नग घरी धुवून मोजा. टी-शर्ट घेताना जीएसएम विचारा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. उन्हाळ्याला १६० ते १८० पुरतं. ओव्हरसाइझच्या नावाखाली २२० किंवा २४० चा माल दाखवतात. पडतो छान, दिसतो भारी, पण मे मध्ये तो अंगावर घोंगडीसारखा वाटतो. तो नोव्हेंबरला घ्या.

कारण आपल्याकडचा मोठ्या कॉन्सर्टचा सीझन हा हिवाळा आहे. मोकळ्या मैदानात जून ते सप्टेंबर पाऊस, त्याआधी ऊन. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, डिसेंबरमधला. सनबर्न २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला, तोही वर्षअखेरचा. लोलापालूझा २०२३ च्या जानेवारीत पहिल्यांदा मुंबईत आला. दिलजीत दोसांझचा पुण्यातला शो नोव्हेंबर २०२४ मध्ये, कोल्डप्लेचे नवी मुंबईतले शो जानेवारी २०२५ मध्ये. अपवाद असतात, २०२५ चा लोलापालूझा मार्चमध्ये झाला. म्हणून तारीख बघितल्याशिवाय माल ठरवू नका.

याच काळात तुमचा बोहो माल चालतो. आरशांचं जॅकेट, भरतकामाचा कोट, जाड टी-शर्ट, डेनिम. दुपारी ऊन आणि रात्री थंडी, म्हणून आत बिनबाह्यांचा टॉप आणि वर जॅकेट अशी जोडी लावूनच पुतळ्यावर दाखवा. खिसा आहे का, हे इथे फार विचारलं जातं, कारण मोठी बॅग बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत. छोटी स्लिंग बॅग काउंटरजवळ टांगा, न विचारता विकली जाते. सवाईचं गिऱ्हाईक वेगळं: सिल्क साडी, खादीचं जाकीट, शाल. त्याला झालरी दाखवू नका. आणि एक लक्षात असू द्या, दिलजीतने २०२३ मध्ये कोचेलाच्या स्टेजवर पगडी आणि काळा पंजाबी पोशाखच घातला होता. 'फेस्टिव्हल लुक' म्हणजे शॉर्ट्सच पाहिजेत असं नाही, हे तुमच्याकडे जॅकेट बघायला आलेल्या मुलीच्या आईला सांगायला उपयोगी पडतं.

आता आकडे. समजा तुम्ही एप्रिलमध्ये ४०० रुपयांनी ४८ बोहो टॉप घेतले, म्हणजे १९,२०० रुपये गुंतले. ७५० ने २० विकले, १५,००० आले. वाटतं, चाललं की! पण २८ नग उरले. पाऊस लागला, सेलमध्ये २५० ने काढले, ७,००० आले. एकूण २२,०००, म्हणजे तीन महिन्यांत हातात २,८००. भाडं, लाइट बिल अजून वजा व्हायचंय. त्याऐवजी २४ च नग घेतले, कमी घेतले म्हणून ४२५ ने पडले, १०,२०० गुंतले. २० नग ७५० ने आणि उरलेले ४ नग ३०० ने गेले, तर १६,२०० आले आणि सुटले ६,०००. महाग घेऊन जास्त सुटले. होलसेलर "सेट तोडत नाही" म्हणाला तर ओळखीच्या दुसऱ्या गावच्या दुकानदाराबरोबर सेट वाटून घ्या. आमच्या बॅचमधले तिघे जण असंच करतात आणि त्यांची गावं वेगळी असल्यामुळे एकमेकांच्या गिऱ्हाइकाला धक्का लागत नाही.

शेवटचा प्रश्न हमखास येतो: कॉन्सर्टच्या आधी बँडचं नाव, गायकाचा फोटो छापून टी-शर्ट विकू का? प्रिंटिंग आता गल्लीत होतं, म्हणून मोह होतो. परवानगीशिवाय नका करू. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मध्ये खोटं चिन्ह लावलेला माल विकण्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, त्यामुळे "मी छापला नाही, फक्त विकला" एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. तबला, ढोलकी, संबळ, गिटारची चित्रं स्वतः काढून घ्या, मराठीत दोन शब्द स्वतःचे टाका. ढोलकीचा टी-शर्ट जत्रेलाही जातो आणि कॉन्सर्टलाही. उन्हाळ्यात १८० जीएसएमवर छापा, नोव्हेंबरला २४० वर. डिझाइन तेच राहील, त्याचा खर्च एकदाच.