मिशनचा पैसा, मंडळीची थैली

नागपूरला देण्याची हौस आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर लागणारे भोजनदानाचे मंडप, ताजबागेतला लंगर, रामनवमीच्या शोभायात्रेत पाणी-सरबत वाटणारी दुकाने हे सगळे नागपूरकरांच्या सवयीचे झाले आहे. याच शहरात ख्रिस्ती दानाचीही एक जुनी परंपरा आहे. तिच्याबद्दल बाहेर फारसे बोलले जात नाही, आणि बोलले गेलेच तर ‘त्यांना काय, मिशनचा पैसा येतो’ एवढ्यावर विषय संपतो. तो पैसा आला होता, हे खरेच आहे. पण तो कुणाचा होता आणि नंतर त्याचे काय झाले, ही गोष्ट त्या एका वाक्यात मावत नाही.

सुरुवात कामठीच्या छावणीत झाली. नागपूरला अजून भोसल्यांचे राज्य होते. छावणीतल्या इंग्रज फौजेत विल्यम हिल नावाचा एक कप्तान होता. या भागात मिशनचे काम सुरू व्हावे म्हणून त्याने मोठी रक्कम देऊ केली आणि मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्यामार्फत ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चपर्यंत पोहोचली. त्या चर्चने स्टीफन हिस्लॉप या तरुण पाळकाला पाठवले. हिस्लॉप १८४५ साली येथे आले. कामठीत आणि पाठोपाठ नागपूर शहरात शाळा निघाल्या, आणि त्याच रोपाचे १८८३ साली हिस्लॉप कॉलेज झाले. हिस्लॉप स्वतः १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले. शिलावर्तुळे पाहायला गेले होते. भूगर्भशास्त्राचा नाद असलेला हा माणूस, ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

हिलची रक्कम घेणाऱ्या त्या चर्चची तेव्हाची अवस्था पाहिली तर आश्चर्य वाटते. १८४३च्या मे महिन्यात एडिंबरोत स्कॉटलंडचे चर्च फुटले. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांचा की मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, हा वादाचा मुद्दा. साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले, त्यांनी फ्री चर्च काढले, आणि एका दिवसात त्यांचे पगार, राहती घरे, प्रार्थनामंदिरे गेली. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्या बाजूने गेले, तेव्हा इथल्या इमारती जुन्या चर्चकडेच राहिल्या. मग थॉमस चामर्स यांनी आधीच आखून ठेवलेली योजना कामी आली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला निदान एक पेनी द्यायची, सगळे पैसे एका मध्यवर्ती निधीत जमवायचे आणि श्रीमंत शहरातल्या व गरीब खेड्यातल्या पाळकाला त्यातून सारखा वाटा द्यायचा. आपल्याकडे अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, त्याच जातीची ही कल्पना. स्वतःच्या डोक्यावर छप्पर नसलेल्या चर्चने अशा दिवसांत हजारो मैलांवरच्या नागपूरची जबाबदारी उचलली. मिशनचा पैसा म्हणतात त्यात मोलकरणींच्या आणि विणकरांच्या पेन्या होत्या, हे विसरू नये.

ख्रिस्ती माणसाला यात प्रेषित पौलाच्या शिकवणीची आठवण होते. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या आणि नवव्या अध्यायांत, तो यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो आणि दाखला देतो तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचा. त्या स्वतः हलाखीत होत्या, तरी आम्हालाही यात वाटा हवा म्हणून मागे लागल्या. किती द्यावे हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे, भिडेखातर देऊ नये, कुरकुरत तर मुळीच देऊ नये, असे पौल सांगतो. दशांश हा जुन्या कराराचा नियम. पौल त्या पत्रात टक्केवारी सांगतच नाही.

आता अडचणीचा भाग. परदेशातल्या गरिबांनी आनंदाने दिले, पण इथल्या गरिबाच्या वाट्याला फक्त घेणे आले. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगार मिशनचा, घराचे गळके कौल बदलायचे तेही मिशननेच. ‘साहेब बघतील’ ही वृत्ती त्यातूनच वाढली. पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना शिक्षण आणि औषध मिळाले, ही गोष्ट लहान नाही. पण ज्याच्याकडून कधी काही मागितलेच जात नाही, त्याला आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे असे वाटणार कसे? माझ्या मते मिशनच्या औदार्यातला सर्वांत मोठा उणेपणा हाच होता.

ही कोंडी फोडू पाहणाऱ्यांत एक माणूस नागपूरच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे गेला होता. कवी नारायण वामन टिळक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने नागपुरात होते. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांच्याशी काव्याच्या गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत भेट दिली. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोरच्याची गरज दिसली की खिसा रिकामा. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना तो खुला होता.

आनंदाने देणारा म्हणून टिळकांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्या औदार्याचे बिल बऱ्याचदा लक्ष्मीबाईंच्या नावावर फाटत होते. संसार त्यांनी चालवायचा, आल्या-गेल्याचे त्यांनी करायचे. त्या हे हसत हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. पण प्रवचनात हे सहसा येत नाही. आणि लक्ष्मीबाई काही हात आखडणाऱ्या नव्हत्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने पुढे अनाथ मुलांना घरात घेऊन वाढवले. एकाने सगळे उधळावे आणि दुसऱ्याने ते सावरून वर आणखी चार पोरांच्या पानात वाढावे, यातले मोठे देणे कोणते?

दुसरे नाव व्ही. एस. अझराया यांचे. नागपूरहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या गाडीला डोर्नकल जंक्शन लागते. तिथल्या धर्मप्रांताचे ते १९१२ साली बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. १९०५च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हे तिचे सूत्र. डोर्नकलच्या मंडळ्या अत्यंत गरीब, बहुतेक शेतमजुरांच्या. अझरायांनी त्यांनाही द्यायला शिकवले. स्वयंपाकाला बसताना बाईने मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि रविवारी ते वेदीपाशी आणायचे. मिझोरममध्येही १९१० पासून ही मूठ बाजूला पडते आहे, आणि तिथल्या चर्चचा बराच संसार त्या तांदळावर चालत आला आहे. अझराया ज्या नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्ष होते, तिचे मुख्यालय आज नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली तीही नागपुरातच.

मराठी मंडळ्यांत या देण्याचा खरा उत्सव बघायचा तर कापणीच्या सणाला जावे. वेदीभोवती ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, संत्री, वांगी, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी, आणि कुणीतरी घरी केलेल्या लोणच्याची बरणी. भक्ती संपली की अंगणात लिलाव. बोली पुकारणारा हा मंडळीतला सर्वांत तोंडाळ माणूस असावा लागतो. बाजारात जो भोपळा घासाघीस करून घेतला असता, त्यावर निवृत्त मास्तर आणि रेल्वेतला भाचा चढाओढीने बोली लावतात. जिंकणारा भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो आणि तोच भोपळा परत विकला जातो. ज्या म्हातारीने तो परसातून आणला, ती पुढच्या बाकावर बसून आपल्या भोपळ्याचा भाव चढताना बघते. पौलाला जे दोन अध्याय लागले ते इथे अर्ध्या तासात होते. एरवीही वाढदिवस, नोकरी, आजारातून उठणे, प्रत्येकाला उपकारस्तुतीचे पाकीट असतेच. नाताळला करंज्या-चकल्यांची ताटे रुमालाखाली झाकून शेजारी जातात. दिवाळीच्या फराळाची ती परतफेड असते.

अलीकडे दूरदर्शनवरच्या आणि मोबाइलवरच्या काही उपदेशकांनी वेगळेच गणित आणले आहे: शंभर द्या, देव हजार देईल. आनंदाने देण्याच्या नावाखाली ही शुद्ध सट्टेबाजी आहे. तिला बळी पडतात ते बहुधा आजारपणाने आणि कर्जाने गांजलेले लोक. त्यावर उतारा मंडळीच्या जुन्या रीतीत आहे. वार्षिक सभेत खजिनदाराने उभे राहून हिशेब वाचायचा, आणि कुणीही उठून विचारायचे की रंगकामाला एवढे कसे लागले. जिथे हे विचारता येत नाही तिथे अर्पणाची थैली हलकी होत जाते आणि कुरकुर वाढते.

थैलीचेही रूप आता बदलते आहे. क्यूआर कोडने अर्पण देण्याची सोय होऊ लागली आहे आणि तरुणांना ती बरी वाटते. वडीलधाऱ्यांची तक्रार अशी की लहान पोरांच्या हातात टाकायला नाणेच उरत नाही. पूर्वी आई चर्चला निघताना मुलाच्या मुठीत रुपया द्यायची, तो घामेजून ओला होईपर्यंत पोर धरून बसायचे आणि थैली समोर आली की ऐटीत टाकायचे. म्हणून काही घरांत मोबाइलवरून पैसे भरले तरी मुलांसाठी सुटे नाणे आवर्जून ठेवले जाते.