वीसपैकी चौदा

ल्यों (फ्रान्स) : उदगीरहून दोन-तीन पालकांनी एकच गोष्ट विचारली आहे. पोराचा कोर्स इंग्रजीतून आहे, मग ही फ्रेंचची कटकट कशाला? कटकट खरी, पण ती टळत नाही. 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' हे वाक्य इथल्या राज्यघटनेतच आहे, १९९२ पासून. वर्गातलं व्याख्यान इंग्रजीत होईल. घरभाड्याचा करार, विम्याची कागदं, डॉक्टरची वेळ घेणं फ्रेंचमध्येच. शिकून इथंच राहायचं म्हटलं तर कायदाही आहे. १ जानेवारी २०२६ पासून काही वर्षांच्या रहिवासी परवान्याला साधारणपणे ए-२, दहा वर्षांच्या कार्डाला बी-१ आणि नागरिकत्वाला बी-२ पातळीचं फ्रेंच लागतं. ए-१ ते सी-२ अशा एकूण सहा पायऱ्या आहेत. विद्यापीठातला नवशिक्यांचा वर्ग म्हणजे त्यातली पहिली.

या वर्गात इंग्रजीचा आधार मिळत नाही. एका बाकावर ब्राझीलची मुलगी, दुसऱ्यावर व्हिएतनामचा मुलगा. बाई पहिल्या तासापासून फ्रेंचच बोलतात आणि हातवारे करून समजावतात. हजेरीच्या बाबतीत सूट नाही. आजारी पडलात तर डॉक्टरचं पत्र आणायचं, नाहीतर त्या दिवशीच्या चाचणीला शून्य. शेवटच्या महिन्यात रात्री जागून पेपर काढायची आपली रीत इथं चालत नाही, कारण गुण सत्रभर थोडे थोडे जमा होतात: गृहपाठ, श्रुतलेखन, ऐकून उत्तरं लिहिणं, चार ओळींचं पत्र, सगळ्यांसमोर उभं राहून बोलणं.

श्रुतलेखनात आपली मुलं गोंधळतात. क्रियापदाची तीन वेगळी रूपं लिहायची आणि तिन्हींचा उच्चार मात्र एकच. फोन नंबरचा सराव तर बघण्यासारखा असतो. इथं दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांनी सांगतात. बाई 'साठ' म्हणाल्या की हात ६ लिहून मोकळा होतो. मागोमाग 'अठरा' येतं, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. खोडून ७ करेपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली असते. सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-सतरा'. आपल्या आज्या विसांनी मोजायच्या, त्यांना हे पटकन जमलं असतं. लिंगांचं मात्र भय नको. इथं दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो.

तोंडी परीक्षेत टेबलावर चिठ्ठ्या असतात. एकीवर 'रविवार' एवढाच शब्द. त्यावरून परीक्षकालाच प्रश्न विचारायचा: तुम्ही रविवारी काय करता? मग खोटं दुकान मांडतात, चित्रातला पाव, खोटे पैसे. आल्या आल्या 'बाँजूर' म्हटलं नाही, तर पुढचं वाक्य कितीही शुद्ध असो, गुण जातात. ही निव्वळ परीक्षेची तऱ्हा नव्हे. खऱ्या दुकानातही बाँजूर न म्हणता भाव विचारला तर समोरच्याचा चेहरा उतरतो.

इथंच लातूर पॅटर्नची पोरं अडतात. व्याकरणाचे तक्ते त्यांना तोंडपाठ असतात, पण वाक्य मनात शंभर टक्के बरोबर झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ही भीती इंग्रजीनं घातलेली आहे, असं माझं मत. त्याच पोराचा बाप मोंढ्यात मराठीत भाव विचारतो, दखनीत घासाघीस करतो आणि बिदरकडचा शेतकरी आला की मोडक्यातोडक्या कन्नडवर सौदा पुरा करतो. त्याला कधी लाज वाटली नाही. या वर्गाला हवी असते ती बापाची भाषा-रीत. पोरगं घेऊन येतं ते शिकवणीतली.

(तसं उदगीरला फ्रेंच वळण पूर्वीच लागलेलं आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊसाहेबांनी निजामाला उदगिरात नमवलं, तेव्हा तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता आणि तो तयार झाला होता फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली.)

गुणपत्रिका बघून घरच्यांनी दचकू नये. इथं गुण वीसपैकी असतात, दहाला पास. चौदा पडले तर शेरा 'चांगलं', सोळाला 'फार चांगलं'. वीसपैकी वीस सहसा कुणाला देतच नाहीत. पंच्याण्णव टक्क्यांची सवय असलेल्या एखाद्या बापाला चौदा म्हणजे सत्तर टक्के वाटतात आणि तो फोनवर पोराला झापतो. पोरगं मात्र वर्गात पहिल्या चार-पाचांत असतं.

मॅक्राँ यांनी जानेवारी २०२४ मध्ये भारतात येऊन, २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी हवेत, असं सांगितलं आहे. त्यामुळे आपल्याकडूनही पोरं येत राहणार. त्यांनी पहिली पायरी पुण्यातच चढून यावी. आलियाँस फ्रान्सेझ आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग आहे. ए-१ ची 'डेल्फ' परीक्षा शंभर गुणांची, पन्नासला पास. चार भागांत प्रत्येकी पंचवीसपैकी निदान पाच हवेत. तोंडीत चार पडले तर लेखीतले पंचवीस वाया जातात. प्रमाणपत्राला मुदत नसते, तेव्हा बारावीनंतरच्या सुट्टीत दिली तरी चालेल.